पहिलं रिव्हॉल्व्हर कुठलं घेऊ, असं विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये शेतवस्तीवरच्या चोऱ्या आणि दरोड्यांवर बरंच लिहून येतंय आणि बहुतेकांची मागणी एकच, की वस्तीवर राहणाऱ्याला शस्त्र परवाना लवकर मिळाला पाहिजे. मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. गावापासून लांब उसाच्या रानात घर, घरात म्हातारे आईवडील, ११२ ला फोन लावला तरी गाडी यायला वेळ जाणारच, ही भीती खरी आहे, २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री ड्रोन फिरतायत म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली ती काय हौस म्हणून नाही. पण परवाना हातात आल्यावर घ्यायचं काय, ठेवायचं कसं आणि चालवायला शिकायचं कुठं यावर एकाही पत्रात ओळ नाही, म्हणून हे लिहितोय. मी कोल्हापूर भागात रेंजवर नवीन लोकांना हँडगन धरायला शिकवतो, बरीच वर्षं झाली, आणि मला येणारा फोन ठरलेला असतो, "सर लायसन झालंय, पहिल्यांदाच घेतोय, कुठलं मॉडेल घेऊ?"

मॉडेलवर येतो, पण त्याआधी मी प्रत्येकाला विचारतो की रात्री घरात नेमकं कोण असतं. बऱ्याच घरात असं असतं की परवाना कर्त्या माणसाच्या नावावर, आणि तो आठवड्यातले निम्मे दिवस मार्केट यार्डात, नाहीतर पुण्या-मुंबईला. घरी बायको, आई, मुलं. आता कायद्याने ते शस्त्र त्याच्या एकट्याचं आहे, बायकोच्या हातात गेलं तर तो भंग धरला जातो, म्हणजे तो बाहेरगावी असताना ते कुलपात पडून राहणार आणि राहायलाच पाहिजे. मग कुणाचं रक्षण झालं? म्हणून माझं सरळ मत आहे की जी व्यक्ती घरी जास्त असते, जी शांत डोक्याची आहे, जी शिकायला तयार आहे, तिच्या नावावर अर्ज करा, मग ती बाई असेना का. वय २१ पूर्ण पाहिजे, डॉक्टरचा दाखला पाहिजे, पोलिसांची चौकशी होते, शहरात पोलीस कमिशनर आणि जिल्ह्यात कलेक्टर सही करतो, यात कुठंही पुरुषच पाहिजे असं लिहिलेलं नाही. रेंजवर मी बघतो, बायका सांगितलेलं ऐकतात आणि ट्रिगर पुरुषांपेक्षा शांतपणे दाबतात, पुरुषांना बऱ्याचदा पहिल्या दिवशीच दुसऱ्याला दाखवायची घाई असते.

दुसरा प्रश्न मी विचारतो तो लोकांना आवडत नाही, तरी विचारतोच. घरात दारू किती आहे, आणि कोणी खचलेलं आहे का. कर्ज, पीक गेलेलं, मुलगी परत आलेली, काहीही. असं असेल तर माझ्याकडून मॉडेल विचारू नका. आणि आधीच शस्त्र घेतलेलं असेल तर तेवढा काळ परवानाधारक डीलरकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या, कायद्यात ती सोय आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं लोक चोराला घाबरून शस्त्र घेतात आणि घरातल्याच माणसाकडं दुर्लक्ष करतात. प्रमोद महाजनांना २२ एप्रिल २००६ ला गोळ्या लागल्या त्या त्यांच्याच वरळीच्या घरात, सख्ख्या भावाच्या हातून, परवान्याच्या .३२ पिस्तुलातून, आणि ३ मे ला ते गेले. परवाना होता, कागद सगळे बरोबर होते.

आता मॉडेल. आपल्या देशात साध्या माणसाला निवड तशी थोडीच आहे हे नेटवर अमेरिकेचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना आधी सांगावं लागतं. ९ एमएम आणि .३८ हे प्रतिबंधित बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी), ते सामान्य परवान्यावर येत नाहीत. परदेशी मालाची आयात १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बंद, त्यामुळं जुनी इंग्लिश-अमेरिकन शस्त्रं फिरून फिरून काही लाखांना विकली जातात आणि ती घेण्यात घर राखायच्या दृष्टीने काहीही अर्थ नाही, तो सगळा रुबाब आहे. राहिलं काय, तर मुख्यतः .३२ बोअर. त्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, जे आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसतं, त्यांचंच हलकं 'निर्भीक', जे २०१४ साली टायटॅनियमच्या मिश्रधातूत बनवून बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं, २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल', त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता गोल, बाजूला उघडतं, उत्तर प्रदेशात संडीला इथं आता वेब्ली अँड स्कॉटही .३२ बनवते, आणि पिस्तुलात सरकारी 'अशनी'. झालं, यातूनच घ्यायचं.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं. पिस्तूल वाईट नाही, सपाट असतं, गोळ्या थोड्या जास्त बसतात, पण घरात अपघात कसा होतो बघा. माणूस मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढतो, त्याला वाटतं झालं, रिकामं झालं, आणि एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, तशीच असते, ती दिसत नाही. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागं ओढून बघायची सवय नसेल तर ती कळत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला किंवा सांधेदुखी असलेल्या बाईला ती स्लाइड धड मागं येतच नाही, मी रेंजवर पोटाला टेकवून ओढणारे बघितलेत आणि तेव्हा नळीचं तोंड शेजाऱ्याकडं असतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही, उघडलं की सहाची सहा भोकं समोर, भरलंय की रिकामं हे घरातल्या कुणालाही एका नजरेत कळतं. काडतूस फुसकं निघालं तर परत ट्रिगर दाबला की पुढचं चेंबर येतं, पिस्तुलासारखं अडकलेलं सोडवत बसायला नको, आणि रात्री तीनला झोपेतून उठलेल्या माणसाला ते सोडवता येईल अशी आशा मी तरी धरत नाही.

हलकं घेऊ का जड, यावर दुकानदार हमखास हलकं दाखवतो, बाई सोबत असेल तर नक्कीच. निर्भीक अर्धा किलोचं आहे, पर्समध्ये मावतं, सगळं खरं, पण तुम्हाला ते पर्समध्ये घेऊन फिरायचंय का घरात ठेवायचंय? घरासाठी वजन हा दोष नाही, वजनाने झटका कमी बसतो, हात कमी हलतो, दुसरी गोळी पहिलीच्या जवळ जाते. लहान नळी, लहान मूठ, हलकं अंग, हे सगळं चालवायला अवघड असतं आणि ते अवघड शस्त्र आपण सगळ्यात नवख्या माणसाच्या हातात देतो. मूठ मात्र हातात घेऊन बघा. अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मुठीच्या वर मागं घट्ट बसला पाहिजे आणि त्याच वेळी तर्जनीचं पेर ट्रिगरवर आरामात पोचलं पाहिजे, ओढून ताणून पोचत असेल तर ते तुमचं नाही. मग शस्त्र रिकामं असल्याची खात्री करून, दुकानदाराची परवानगी घेऊन, हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, हाताने मागं न ओढता नुसता ट्रिगर सावकाश पूर्ण दाबून बघा. आपल्या रिव्हॉल्व्हरांचा ट्रिगर असा दाबायला चांगलाच जड असतो, बोट थरथरायला लागतं, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डावीकडं खाली जाते. नवीन लोक म्हणूनच हॅमर आधी मागं ओढून ठेवतात, मग ट्रिगर अगदी हलका होतो आणि तोच घरात सगळ्यात धोक्याचा, कारण घाबरलेल्या माणसाचं बोट त्या हलक्या ट्रिगरवर असतं. जड ट्रिगर दाबायलाच शिका. सहज जमत नाही, पण रोज थोडा थोडा वेळ रिकाम्या शस्त्रावर, डमी (दारू नसलेलं) काडतूस घालून, भिंतीकडं तोंड करून केलं की काही महिन्यांत फरक दिसतो.

सेकंड हँड घेणार असाल, आणि नवीन शस्त्रावर जीएसटी आता ४० टक्के झाल्यापासून बरेच जण तिकडं वळतायत, तर एकट्याने जाऊ नका. हॅमर मागं घेतलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून बघा, खुळखुळ करत असेल तर चेंबर नळीच्या सरळ रेषेत येत नाही आणि गोळी कडेला घासून शिसं उडतं. नळीत मागून उजेड टाकून बघा, आतल्या खाचा चकचकीत दिसल्या पाहिजेत, गंजाचे खड्डे दिसले तर सोडून द्या. आणि जुन्या शस्त्राला पडल्यावर हॅमर अडवणारी व्यवस्था आहे का, ती चालू आहे का, हे गनस्मिथला, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, उघडून बघायला लावा. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते, ते पडलं, बार उडाला आणि गोळी पायाला लागली. थोडक्यात निभावलं. त्या वेळी लोकांनी त्याची चेष्टा केली, मला त्यात चेष्टेसारखं काही दिसलं नाही, भरलेलं शस्त्र कपाटात ठेवणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत.

काडतुसांचं थोडक्यात. .३२ म्हणून दुकानात दोन वेगळी काडतुसं मिळतात, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि पिस्तुलाचं आखूड, एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही, बसल्यासारखं वाटलं तरी नाही. आणि चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं वर्षानुवर्षं ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेल्या रसायनाने पितळ हिरवं पडतं, मग ते चेंबरमध्ये चिकटतं. एका मोठ्या घरातल्या माणसाने रेंजवर आणलेली काडतुसं मी हातात घेतली तर बोटांना हिरवी पूड लागली, अर्धी उडालीच नाहीत, आणि ती त्यांच्या वडिलांच्या वेळची होती आणि घर सगळं त्या काडतुसांच्या भरवशावर झोपत होतं. कोकणात तर शस्त्रसुद्धा चामड्याच्या कव्हरात ठेवू नये, पावसाळ्यात आत दमट राहून गंज धरतो, तेलाचा हलका हात फिरवून कोरड्या जागी ठेवावं.

ठेवायचं कुठं हा प्रश्न शस्त्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे. उशीखाली, गादीखाली, देवघराच्या मागं, धान्याच्या कणगीत, या सगळ्या जागा पोरांना आधीच माहीत असतात हो. परवान्यासाठी अर्ज करताना आपण शस्त्र घरी सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र देतो, ते सहीपुरतं नसतं. भिंतीत बोल्टने बसवलेला लोखंडी लॉकर घ्या, दिवसा शस्त्र रिकामं त्यात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. रात्री हाताशी पाहिजे असेल तर पलंगाजवळ नंबरवर उघडणारी छोटी तिजोरी ठेवा, नंबर फक्त परवानाधारकाला माहीत, आणि सकाळी उठल्यावर आधी ते परत लॉकरमध्ये, चहा नंतर. यावर पैसे खर्च करायला लोक कुरकुरतात, लाखाचं रिव्हॉल्व्हर घेतील आणि पाच-सहा हजारांची तिजोरी नको म्हणतील.

आणि वस्तीवरची एक गोष्ट शहरातल्या कुणाला कळायची नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेतीची लाइट बऱ्याच ठिकाणी रात्रीची असते. मोटार चालू करायला, पाणी फिरवायला घरातला पोरगा, भाऊ, गडी रात्री एक-दोनला उठून जातो आणि चिखलाच्या पायाने, बॅटरी बंद करून, कुणाची झोप मोडू नये म्हणून मागच्या दाराने हळूच घरात येतो. म्हणजे रात्री तुमच्या वस्तीवर पावलांचा आवाज आला तर तो चोराचा असण्यापेक्षा तुमच्याच माणसाचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून शस्त्राच्या आधी उजेड. आवारात सेन्सरचे दिवे लावा, हातात चांगला टॉर्च ठेवा, आधी ओरडून नाव विचारा, पाणी द्यायला कोण गेलंय हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. दिसल्याशिवाय आणि ओळखल्याशिवाय नळी वळवायचीच नाही. आणि जो दिसतोय त्याच्या मागं काय आहे तेही बघायचं, विटांच्या भिंतीत .३२ ची गोळी अडेल पण पत्रा, प्लायवूड, दार, खिडकीची काच यातून ती आरपार जाते, आणि साखर कारखाने चालू असताना आपल्या रानाच्या कडेला ऊसतोडवाल्यांच्या कोपी असतात, त्यात पाचटाच्या आडोशाला लहान लेकरं झोपलेली असतात.

खरं तर उघड्या रानात घर असेल आणि नुसतं घर राखायचं असेल तर बारा बोअरची लांब बंदूक बरी, लांब असल्यामुळं नेम सोपा जातो, पोराला उचलून खेळता येत नाही, खिशात घालून लग्नाला नेता येत नाही. हे सांगितलं की समोरचा गप्प होतो. बऱ्याच जणांना हवं असतं ते कमरेला.

कायद्याबद्दलही गैरसमज फार. घरात चोर शिरला की मारून टाकलं तरी चालतं, असं छातीठोक सांगणारे चावडीवर बसलेले असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची. ४१ व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत केलेल्या घरफोडीविरुद्ध हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो हे खरं आहे, पण ३७ वं कलम त्याच्या आधीच सांगतं की बचावाला जेवढं गरजेचं तेवढंच, त्याहून जास्त नुकसान करायचं नाही, आणि पोलिसांकडं जायला वेळ होता तर हा हक्कच नाही. कुंपण ओलांडून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही कोर्टात बचावाचं काय सांगणार? शेळी गेली, मोटारीची केबल गेली, जाऊ द्या. दार लावून घरातल्यांना एका खोलीत घ्या, ११२ लावा, आणि दार फोडून माणूस त्या खोलीत शिरला तर आणि तरच. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्यांनाही सांगतो, शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आणि निवडणूक लागली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते हे विसरू नका. लोकसभा, विधानसभा, झेडपी, नगरपालिका, प्रत्येक वेळी तुमचं शस्त्र ठाण्यात काही आठवडे पडून राहू शकतं, तेव्हा घराचं काय? म्हणून दाराला आतून मजबूत कडी, खिडक्यांना गज, कुत्रं, दिवे, शेजारच्या वस्तीशी फोनचा ग्रुप, हे सगळं शस्त्राशिवायही चालणारं असलं पाहिजे आणि हे आधी.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आहे, प्रमाणपत्र लागतं. कागदावर फार चांगली गोष्ट. पण माझ्याकडं प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्या कितीतरी लोकांना सिलिंडर उघडता येत नाही, बोट पहिल्यापासून ट्रिगरवर असतं, मग हे प्रमाणपत्र दिलं कशाच्या आधारावर? आणि परवाना मिळाल्यावर सराव करायचा कुठं? स्वतःच्या रानात बार काढला तर शेजारी तक्रार करणार आणि ते बरोबरच आहे. रेंज आहेत त्या खेळाडूंच्या, एअर रायफल आणि एअर पिस्तूलच्या जास्त, .३२ ला जागा मिळणं अवघड. राही सरनोबत आमच्या कोल्हापूरची, २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सोनं आणलं. स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसमधून ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला. इतके नेमबाज ज्या जिल्ह्याने दिले तिथल्या परवानाधारक शेतकऱ्याला वर्षातून दोनदा सहा गोळ्या देखरेखीखाली उडवायला नीट जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण जो माणूस कधीच सराव करत नाही त्याच्या हातातलं शस्त्र चोराच्या आधी त्याच्या घरच्यांना धोक्याचं असतं.

सरकार परवाने द्यायला किंवा रद्द करायला तेवढं जागं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, मग बीड जिल्ह्यातल्या बाराशेहून जास्त परवान्यांची चर्चा झाली, बरेच रद्द झाले, चांगलं झालं. पण जे राहिले त्यातल्या किती जणांना शस्त्र हाताळता येतं हे कुणी तपासलं का?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांची फायरिंग रेंज असते किंवा जवळपास उपलब्ध असते, ती महिन्यातला एक रविवार फी घेऊन परवानाधारकांसाठी उघडा, पोलीस प्रशिक्षक तिथं उभा करा. प्रमाणपत्र देताना प्रत्यक्ष गोळ्या झाडायला लावा, उघडणं, रिकामं करणं, ठेवणं हे करून दाखवायला लावा, नापास झाला तर परत बोलवा. आणि परवाना आता पाच वर्षांचा असतो, तर नूतनीकरणाच्या वेळी पोलीस चौकशीच्या कागदासोबत रेंजवर हजेरी लावल्याच्या पावत्या मागा, दरवर्षीची निदान एक, आणि घरचा लॉकर एकदा बीट अंमलदाराने जाऊन डोळ्यांनी बघावा. यासाठी नवीन कायदा लागत नाही, जिल्हा नियोजन समितीचा थोडा निधी आणि कलेक्टर-एसपींचं एक परिपत्रक पुरेसं आहे. आमच्या जिल्ह्याने सुरुवात केली तर शिकवायला मी आणि माझ्यासारखे चार जण बिनपगारी येऊ, तसं लेखी द्यायची तयारी आहे.

आपला,
एक वाचक आणि नेमबाजी प्रशिक्षक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर